‘थांब’ म्हणणाऱ्याच्या बाजूने

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी तरुणी २६ वर्षांची आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तिच्या वडिलांची मार्केट यार्डात अडत आहे. वडील पूर्वी बाजार समितीचे संचालकही होते. एम.कॉम. झाल्यापासून दुकानाचे हिशेब तीच बघते. दोन वर्षांपासून तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो २८ वर्षांचा तरुण आयटीआय करून विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचं, म्हणजे मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. त्याचे वडील तिच्याच वडिलांच्या अडतीवर वीसेक वर्षं हमाल आहेत. घरातले सगळे त्यांना एकेरी नावाने हाक मारतात, लहानपणापासून तीही. मुलाचं दुकान आहे तो गाळा तिच्या वडिलांचा. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी त्याच्या वडिलांनी ६० हजारांची उचल घेतली होती, ती अजून फिटायची आहे. त्याची धाकटी बहीण कॉलेजात आहे.

ती लिहिते: “मला पैशाचं काही नाही. मी अंगावरच्या कपड्यांनिशी त्याच्या घरी जायला तयार आहे. तो मात्र दर वेळी ‘थांब’ म्हणतो. मैत्रीण म्हणते, रजिस्टर लग्न करून टाका, वर्षभरात घरचे निवळतात. आता पुण्याचं एक स्थळ आलंय. मी एवढं सोडायला निघाले तरी तो थांबच म्हणतो, म्हणजे त्याचं प्रेमच कमी आहे का?”

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रिय मैत्रीण,

तुम्ही काय काय सोडायला तयार आहात ते मनापासून लिहिलंय, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्याचं काय काय जाऊ शकतं, हे तुम्ही फक्त ओळख करून देताना लिहिलंत. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा ते सगळं मागे पडलं आणि ‘त्याचं प्रेम कमी आहे का’ एवढंच उरलं. त्याच्या वडिलांची हमाली, त्याच्या दुकानाचा गाळा आणि डोक्यावरची उचल, या तिन्हींची दोरी एकाच माणसाच्या हातात आहे, आणि तो माणूस म्हणजे तुमचे बाबा.

समजा, उद्या तुम्ही दोघं लग्न करून आलात. दुपारपर्यंत यार्डात बातमी पसरेल. परवा सकाळी सोयाबीनच्या गाड्या लागतील तेव्हा त्याचे वडील कुठे उभे राहतील? तुमचे बाबा कदाचित एक शब्दही बोलणार नाहीत, फक्त दुसऱ्या कुणाला हाक मारतील. शेजारचा अडत्या माजी संचालकाशी वाकडं घेऊन त्यांना कामावर घेईल का? गाळ्याचा व्यवहार बहुधा तोंडी असेल. तो महिनाअखेर रिकामा कर म्हणून निरोप येईल, आणि दुरुस्तीला आलेल्या शेतकऱ्यांच्या मोटारी रस्त्यावर येतील. उचलीचा विषय चारचौघांत निघेल. धाकट्या बहिणीला कॉलेजच्या एसटीत कोण काय बोलेल, ते तुम्हीही ओळखू शकता.

आणि तुमचं? तुम्हाला यातना होतील, त्या मी कमी लेखत नाही. पण सगळंच बिनसलं, तर सहा महिन्यांनी तुमची आई चोरून फोन करेल, मामा मध्ये पडतील, आणि बहुतेक तुम्हाला परत घरात घेतील. तुमची मैत्रीण म्हणते ते ‘निवळणं’ लेकीच्या बाबतीत पुष्कळदा घडतं. हमालाच्या बाबतीत कोण कशाला निवळेल? त्याला काढून टाकल्याची कुणाला खंतही वाटत नाही, कारण तो त्यांचा कधी कुणी नव्हताच.

तो ‘थांब’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हे सगळं असतं, असं मला वाटतं. हे तो तुम्हाला सांगत का नाही? कारण सांगायचं म्हणजे ‘आमचं घर तुमच्या बाबांच्या मर्जीवर चालतं’ असं जिच्यावर प्रेम आहे तिच्यासमोर म्हणावं लागतं. २८ वर्षांच्या, स्वतःच्या हिमतीवर दुकान उभं केलेल्या मुलाला ते फार जड जातं. म्हणून सगळं त्या एका शब्दात गुंडाळलं जातं, आणि तुमच्या कानाला तो शब्द नकारासारखा लागतो.

आता तुमच्या आणखी एका वाक्याकडे येते. ‘मला पैशाचं काही नाही.’ हे तुम्ही चांगल्या मनाने म्हणता. पण पैशाचं काही वाटू नये, ही सोय ज्याच्या घरात पैसा आहे त्यालाच असते. त्याच्या घरात पैशाचं रोजच काहीतरी असतं. तुम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी गेलात तर दोन खोल्यांच्या घरात एक माणूस वाढेल, आणि तुमचं घर बिथरल्यामुळे कमावते हात कमी होतील. तुमच्या त्यागाचा पहिला हप्ता त्याची आई भरेल. तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. रिकाम्या हातांनी जाणं सुंदर वाटलं तरी त्या घराच्या उपयोगाचं नाही, एवढंच म्हणायचंय.

आणि ती उचल. तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ तिथे थांबले. अडतीचे हिशेब तुम्ही लिहिता, म्हणजे ६० हजारांपैकी किती फिटले आणि या महिन्यात हमालीतून किती कापले, ती ओळ तुमच्याच अक्षरात आहे. ज्या मुलाशी तुम्हाला लग्न करायचंय त्याच्या वडिलांच्या नावापुढे दर महिन्याला तुम्ही आकडा टाकता. त्याच्या घरात किती येतं आणि कुठल्या महिन्यात नड होती, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या घरातलं त्याला काहीही माहीत नाही. दोन वर्षांत यावर तुम्ही दोघं कधी बोललात का? पत्रावरून तरी वाटत नाही. बोलणं इथून सुरू करा, लग्नाच्या तारखेपासून नको. ‘ती वही मी लिहिते, तुला कसं वाटतं?’ असं सरळ विचारा आणि तो बोलेल ते मध्ये न तोडता ऐकून घ्या.

एक मोह मात्र टाळा. ती उचल स्वतःच्या पैशातून गुपचूप फेडायची किंवा वहीत इकडचं तिकडे करायचं मनात आलं, तर तसं करू नका. उघड झालं तर चोरीचा आळ त्याच्या वडिलांवर येईल, तुमच्यावर नाही. आणि नाही उघड झालं, तरी त्याचं ओझं तुमच्या दोघांच्या मध्ये राहील. त्यांनी ती रीतसर फेडावी आणि प्रत्येक रकमेची सहीची पावती घ्यावी. उचल बाकी आहे म्हणून काम सोडता येणार नाही, असं यार्डात सर्रास बोललं जातं. कायद्याला ते मान्य नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे, आणि उचलीपोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं त्याने गुन्हा ठरवलंय. देणं हे देणंच राहतं, पण ते दुसरीकडे काम करूनही फेडता येतं.

त्याच्या वडिलांना तुम्ही एकेरी हाक मारता, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. तुमच्याहून दुप्पट वयाच्या माणसाला. तुम्ही ते मुद्दाम करत नाही. घरात रूढ होतं ते तुमच्या जिभेवर बसलं. पण लग्नानंतर ते तुमचे सासरे होणार आहेत. त्या दिवशी अचानक ‘अहो मामा’ म्हणायला लागलात तर तुम्हालाही अवघडेल आणि त्यांनाही. ते आजपासून बदला. यार्डात, सगळ्यांसमोर. कुणी विचारलंच तर ‘वडीलमाणूस आहेत’ एवढं उत्तर पुरे. त्यांना पायरीवर चहा दिला जात असेल तर खुर्ची द्या. घरातून कुणीतरी टोकेलच. कुणी टोकलं आणि कोणत्या शब्दांत, हे नीट ऐकून ठेवा. पुढे किती विरोध होणार आहे आणि कुणाकडून, याचा अंदाज तुम्हाला लग्नाचा विषयही न काढता येईल. आणि एका खुर्चीसाठी घरात शब्दाला शब्द लावणं तुम्हाला जमलं नाही, तर तेही स्वतःशी प्रामाणिकपणे कबूल करा.

माझं मत स्पष्ट सांगते. तुम्ही लग्न करावं की नाही, हा तुम्हा दोघांचा निर्णय. पण करायचं असेल तर त्याआधी त्या घराच्या पोटापाण्याची दोरी तुमच्या बाबांच्या हातातून सोडवली पाहिजे. क्रम तोच हवा. त्याला साधारण वर्ष लागेल असं धरा.

यातलं सगळ्यात सोपं काम गाळ्याचं. रिवाइंडिंगवाल्याकडे गिऱ्हाईक हाताच्या कामासाठी येतं, जागेसाठी नाही. त्याने बाबांशी संबंध नसलेल्या मालकाचा किंवा नगरपरिषदेचा गाळा शोधावा आणि भाड्याचा करार लेखी, नोंदणी केलेला करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो कायदा तुमच्या गावाला कितपत लागू होतो ते वकिलाला विचारून घ्या, पण लेखी करार सगळीकडेच कामाला येतो. उन्हाळ्यात विहिरी खाली गेल्या की मोटारी जळायला लागतात आणि त्याच्या धंद्याला भर येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याआधी तो नव्या जागी बसलेला असावा.

वडिलांच्या कामाचं थोडं किचकट आहे. दोन गोष्टी तपासायच्या: बाजार समितीचा हमालाचा परवाना त्यांच्या स्वतःच्या नावाने चालू आहे का, आणि जिल्ह्याच्या माथाडी मंडळाकडे त्यांची नोंद आहे का. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांसाठी दिलेल्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, तो नेमका अशाच माणसांसाठी. एका मालकाची मर्जी फिरली की चूल विझू नये, हाच त्यामागचा विचार होता. मंडळात नोंद असेल तर मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मंडळामार्फत मिळते. सगळ्या तालुक्यांत हे कागदावर आहे तसं चालत नाही, पण वीस वर्षं पाठीवर कट्टे वाहिलेल्या माणसाच्या नावाने निदान नोंद तरी हवी. ही चौकशी मुलाने करावी. तुम्ही नको, तुम्ही विचारलंत की तासाभरात बाबांपर्यंत जाईल.

आता तुमचं काम. तुम्ही दुकानाचे हिशेब बघता, पण त्याचा पगार घेता का? बहुतेक नाही, घरचंच दुकान म्हणून. एम.कॉम. झालेली, हिशेबाची सवय असलेली मुलगी जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या सीएकडे किंवा कर सल्लागाराकडे जीएसटीचं काम सहज करू शकते. ती नोकरी धरा. पगार स्वतःच्या खात्यात जमा होऊ द्या. त्या खात्याला बाबांचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तो आधी बदला. लहान गावात मुलींच्या खात्याला हमखास वडिलांचा नंबर असतो, आणि पैसे काढल्याचा संदेश त्यांनाच जातो. आधार, पॅन आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं कुठे आहेत ते बघून ठेवा. दागिने मात्र न्यायचे नाहीत, आईने स्वतःच्या हाताने दिले तरच. ‘दागिने घेऊन पळाली’ अशी तक्रार झाली की पोलीस पहिल्यांदा मुलाच्या दारात जातात.

वर्षभर नोकरी केलीत की आणखी एक गोष्ट कळेल: तुमच्या स्वतःच्या कमाईत कसं राहता येतं. घरून पैसे न मागता, गाडीशिवाय, महिनाअखेरीला हिशेब लावत. ते जमतंय का, हे त्याच्या घरात जाऊन त्याच्या आईच्या देखत शोधण्यापेक्षा आधी एकटीने शोधलेलं बरं.

मैत्रिणीने सुचवलेल्या ‘रजिस्टर लग्नाबद्दल’. ते एका दिवसात उरकत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार दोघांपैकी निदान एकजण नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतो, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, आणि तिथून पुढे ३० दिवस हरकतीसाठी असतात. आईवडिलांची नापसंती ही कायद्याने हरकत ठरत नाही, पण बातमी फुटायला तेवढे दिवस पुष्कळ झाले. त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं. दोघंही हिंदू असाल (कायद्यात यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात), तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली विधिपूर्वक लग्न करून त्याची नोंदणी करता येते. त्याला ही महिन्याची नोटीस लागत नाही. कुठला मार्ग घ्यायचा ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलाशी बोलून ठरवा. गावातला वकील नको, तो बाबांचा ओळखीचा निघेल.

तुमच्या पत्रात जातीबद्दल एक अक्षर नाही. दोघांची जात एकच असेल, तर ‘श्रीमंत-गरीब’ एवढ्यावर घरचे कधीतरी येऊ शकतात. वेगळी असेल, आणि आपल्या गावांत अडत्या आणि हमाल यांची जात वेगळी असण्याचीच शक्यता जास्त, तर ‘त्यांची परिस्थिती नाही’ असं जे घरात बोललं जाईल त्याच्याखाली दुसरंच असेल. तेव्हा ‘तो पुढे खूप कमवेल’ हा तुमचा मुद्दा कुणाच्याही कानात शिरणार नाही, कारण आक्षेप कमाईवर नसतोच. अशा वेळी धोकाही मोठा असतो, आणि तो पुन्हा जास्त करून त्याच्या बाजूला असतो.

म्हणून ही पुढची माहिती जवळ ठेवा. तुम्ही दोघंही सज्ञान आहात. दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवल्यावर कुटुंबाची किंवा समाजाची संमती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात स्वच्छ सांगितलंय. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची व्यवस्था करण्याचे निर्देशही त्यात आहेत. भीती वाटत असेल तर ‘मी स्वेच्छेने लग्न करत आहे’ असा लेखी अर्ज तुमच्या सहीने पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. अपहरणाची तक्रार झाली तर तुमचाच जबाब निर्णायक ठरतो. अंगावर बेतलं तर ११२. जातपंचायतीने किंवा भावकीने त्याच्या घराला वाळीत टाकलं, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. आणि लग्नानंतर ‘झालं गेलं विसरा, घरी या, रीतसर लावून देतो’ असा निरोप आला तर दोघांनी एकट्याने जाऊ नका. भेट तुमच्या सोयीच्या जागी, चार तिऱ्हाइतांसमोर होऊ द्या. तुमचे बाबा तसे नसतीलही. पण भावकीतल्या प्रत्येकाची हमी तुम्ही देऊ शकत नाही.

बाबा ‘तुला काही मिळणार नाही’ म्हणाले तर रागाच्या भरात हक्कसोड पत्रावर सही करून मोकळ्या होऊ नका. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्माने येतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्का केला. पेपरात ‘संबंध तोडला’ अशी जाहीर नोटीस देऊन तो जात नाही. स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र मात्र बाबा हवं तसं करू शकतात. उद्याच हिस्सा मागायला जा असं मी म्हणत नाही. सोडायचाच असेल तर पाच वर्षांनी, शांत डोक्याने सोडा.

आता त्याच्याबद्दल. आतापर्यंत मी त्याची बाजू घेतली, पण तुमचीही एक बाजू खरी आहे. नुसतं ‘थांब’ म्हणून दोन वर्षं एखादीला ताटकळत ठेवणं बरोबर नाही. किती थांबायचं आणि तेवढ्या दिवसांत काय करायचं, हे त्याने बोललं पाहिजे. नवा गाळा कधी? वडिलांची कागदपत्रं कधी? त्याच्या आईवडिलांना हे माहीत तरी आहे का? नसेल, तर त्यांना सांगणं हे त्याचं पहिलं काम. त्यांच्या आयुष्यावर एवढा परिणाम होणार आणि त्यांनाच शेवटी कळणार, हे चालणार नाही. त्याची आई घाबरेल, कदाचित हात जोडून नको म्हणेल. तिचं म्हणणं तुम्ही स्वतः समोर बसून ऐकावं असं मला वाटतं. गाळा बदलला, तुमची नोकरी लागली, उचल फिटली, आणि तरीही तो ‘थांब’ म्हणाला, तर मात्र तुमच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं असेल. तेव्हा ते स्वीकारायची तयारीही ठेवा.

अशी पत्रं उलट्या बाजूनेही येतात. मुलगी शिक्षिका आणि मुलगा मोठ्या बागायतदाराचा, किंवा मुलगी धुणीभांडी करणाऱ्या बाईंची आणि मुलगा त्याच घरातला. अशा प्रत्येक मुलामुलीला मी एवढंच विचारायला सांगेन: हे मोडलं, तर आपल्या दोघांपैकी कुणाच्या घरची कमाई बंद पडेल? ज्याची पडणार नाही त्याने आपली घाई आवरावी, आणि बोलायची वेळ येईल तेव्हा पुढे मात्र त्यानेच व्हावं. तुमच्या बाबांना ही गोष्ट तुम्ही सांगायची आहे, त्याने किंवा त्याच्या वडिलांनी नाही. एकटीने, घरात, आवकीचे दिवस सरल्यावर. तोवर त्याच्या घरचं एकही माणूस बाबांच्या मेहेरबानीवर असू नये.

पुण्याच्या स्थळाला लगेच नाही म्हणा. बघण्याचा कार्यक्रम होऊ देऊन मग टाळणं त्या मुलावरही अन्याय आहे. कारण मागतील, तेव्हा ‘मला वर्षभर नोकरी करायची आहे’ हे सांगा. ते खरंच असणार आहे.